तक्ते पाठ आहेत, पण बोलताना काळ सुचत नाही: स्पॅनिश क्रियापदांविषयी

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही डिचोलीचे, कळंगुटला हॉटेलात रिसेप्शनवर कामाला. वर्षभर पुस्तक आणि ॲप घेऊन स्पॅनिश शिकताय. पुढेमागे क्रूझवर जायचा विचार आहे आणि त्याआधी जमलं तर डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची ए-२ पातळी द्यायची आहे. क्रियापदांचे तक्ते घडाघडा म्हणता येतात, पण एखाद्या पाहुण्याने सहज ‘काल कुठे फिरलात?’ असं विचारलं की डोक्यात तक्ता सुरू होतो आणि रूप सापडेपर्यंत पाहुणा इंग्रजीवर आलेला असतो. म्हणून विचारताय की व्याकरण बंद करून आता नुसतं बोलत सुटावं का. आणि शेजारच्या एक वयस्क बाई चांगलं पोर्तुगीज बोलतात, त्यांच्याशी बोलून काही फायदा होईल का, हेही विचारलंय.

मी म्हापशात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते. हॉटेलात काम करणारे, जहाजावर जाणारे, परीक्षेला बसणारे, सगळ्या तऱ्हेचे विद्यार्थी येतात आणि तुमच्यासारखी अवस्था त्यांतल्या बहुतेकांची एकदा तरी होते. व्याकरण सोडू नका, असंच मी सांगेन. मात्र ते आज ज्या जागी ठेवलंय तिथून हलवा. तुम्हाला रूपं येतात. कुठल्या वेळी कुठलं रूप घ्यायचं याची सवय अजून लागलेली नाही, आणि ती सवय तक्त्यातून लागत नाही. तक्ता कोमी, कोमिस्ते, कोम्यो अशी रांग लावून देतो. ‘जेवलो’ म्हणायचंय की ‘जेवायचो’, हे त्याला कुठून कळणार?

(स्पॅनिश शब्द मी लॅटिन अमेरिकेच्या उच्चारांनी लिहितेय. स्पेनमध्ये काही ‘स’ ‘थ’सारखे ऐकू येतील, त्याने घाबरू नका.)

माझा अंदाज असा की ही निवड तुम्ही इंग्रजीतून करताय. पुस्तक इंग्रजीतलं, ॲप इंग्रजीतलं, त्यामुळे प्रत्येक वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार होतं. इंग्रजीचा साधा भूतकाळ एकच आहे आणि बहुतेक वेळा तो दोन्हीकडे चालून जातो. स्पॅनिशमध्ये मात्र त्या जागी दोन वेगळे भूतकाळ येतात, इंदेफिनीदो आणि इंपेर्फेक्तो. इंग्रजीवरून येणाऱ्याला त्यांच्यातला फरक पानंच्या पानं समजावून सांगावा लागतो. तुम्हा-आम्हाला तो लहानपणापासून येतो.

हे बघा. ‘चवथीला आम्ही मामाकडे जायचो. मामा माटोळी बांधायचा, आजी नेवऱ्या करायची, रात्री सगळे मिळून आरत्या म्हणायचो. एका वर्षी मात्र खूप पाऊस पडला, नदीला पूर आला आणि आम्ही वाटेतच राहिलो.’ या चार ओळी सांगताना कुठल्याही मराठी माणसाला काळ निवडावा लागत नाही. दरवर्षीचं ते ‘जायचो, करायची, म्हणायचो’, आणि त्या एका वर्षी घडलं ते ‘पडला, आला, राहिलो’. स्पॅनिशमध्ये अगदी त्याच जागी सांधा बदलतो. जायचो म्हणजे ईबामोस, करायची म्हणजे आसीआ, म्हणायचो म्हणजे कान्ताबामोस. हे सगळे इंपेर्फेक्तो. पाऊस पडला म्हणजे योब्यो, नदी फुगली म्हणजे क्रेस्यो, आम्ही राहिलो म्हणजे नोस केदामोस; हे इंदेफिनीदो. ‘आम्ही जात होतो तेवढ्यात...’ यातलं ‘जात होतो’ हेही इंपेर्फेक्तोतच जातं. म्हणजे मनात ‘-यचो, -यची’ किंवा ‘-त होतो’ आलं की इंपेर्फेक्तो, आणि नुसतं ‘गेलो, केलं, पडला’ आलं की इंदेफिनीदो. दहापैकी आठ वेळा तुम्ही बरोबर याल.

ज्या जोड्यांना पाठ्यपुस्तकं अवघड म्हणतात त्यासुद्धा मराठीतून पाहिल्यावर सोप्या वाटतात. साबेर या क्रियापदाचं साबीआ आणि सूपे यांचा अर्थ वेगळा का होतो, यावर विद्यार्थी डोकं धरून बसतात. साबीआ म्हणजे ‘मला माहीत होतं’, सूपे म्हणजे ‘मला कळलं’. कोनोसीआ म्हणजे ‘मी ओळखत होतो’, कोनोसी म्हणजे ‘ओळख झाली’. एक आधीपासूनची स्थिती, एक घडलेली गोष्ट. फरक आपल्या बोलण्यात रोज असतो, फक्त आपण तो वेगळ्या शब्दांनी दाखवतो.

इंपेर्फेक्तोची रूपंही फार नाहीत. अख्ख्या भाषेत या काळात अनियमित क्रियापदं तीनच आहेत: सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (पाहणे). त्यांची रूपं एरा, ईबा, बेईआ. बाकी सगळी सरळ. कष्ट इंदेफिनीदोवर घ्यायचे आहेत, कारण रोज लागणारी क्रियापदं तिथे हट्टाने वाकडी जातात: तूबे, एस्तूबे, पूदे, पूसे, ईसे, बीने, दीखे, फुई. यातलं फुई तर ‘गेलो’ही आहे आणि ‘होतो’ही. ही दहा-बारा रूपं पाठच करायची, त्याला दुसरा इलाज नाही, आणि तक्त्याचा खरा उपयोग इथे आहे. उरलेली दुर्मीळ अनियमित रूपं भेटतील तेव्हा भेटतील.

आता मराठी कुठे दगा देते तेही सांगायला हवं, नाहीतर अर्धवट भरवशावर राहाल.

आपलं भूतकाळातलं क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं: भात खाल्ला, भाकरी खाल्ली. त्या सवयीने माझे विद्यार्थी ‘ए कोमीदो’ (मी खाल्लंय) म्हणायच्या जागी भाकरी स्त्रीलिंगी म्हणून ‘ए कोमीदा’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये आबेर या सहायक क्रियापदासोबत (इथलं ‘ए’ हे त्याचंच रूप) आलेलं कोमीदो तसंच राहतं, खाल्लं ते काहीही असो. आणि ‘तो जेवला, ती जेवली’ हा फरकही क्रियापदात दिसत नाही, दोघांना कोम्यो. दुसरी जागा म्हणजे कुणी हाक मारली की आपण जागचे हललेलो नसतानाही ‘आलो, आलो’ म्हणतो. हे शब्दशः स्पॅनिशमध्ये नेलंत तर आतल्या खोलीतून हाक मारणारा समजेल की तुम्ही येऊन पोचलात. तिथे ‘या बोय’ म्हणायचं, वर्तमानकाळात, आणि तेही ‘येणे’ नव्हे, ‘जाणे’ वापरून. रिसेप्शनवर हे वाक्य दिवसातून कितीदा लागतं ते तुम्हालाच ठाऊक. तिसरी जागा: ‘पोचलात की फोन करा.’ आपल्याकडे ‘पोचलात’ हे भूतकाळी रूप. स्पॅनिश म्हणते क्वांदो येगे, आणि ते येगे भूतकाळ नाही, सुब्खुंतीवो आहे.

सुब्खुंतीवो हा शब्द आला की लोक पुस्तक मिटतात. तुम्ही मिटू नका, कारण तुमच्या कामात तुम्ही तो बहुधा रोज बोलताय. पाहुणा निघताना ‘के तेंगा बुएन दीआ’ म्हणता ना? रात्री ‘के देस्कान्से’? सही घ्यायला ‘फिर्मे आकी, पोर फाबोर’? आत बोलावताना ‘पासे’, थांबवताना ‘एस्पेरे’? ही सगळी रूपं सुब्खुंतीवोची आहेत. आणि मराठीत त्याच जागी काय येतं? ‘आपण इथे सही करावी.’ ‘आपण आत यावं.’ ‘इथे धूम्रपान करू नये’, त्याला तिकडे ‘नो फूमे’. हुकमाची धार काढून इच्छा, विनंती, सदिच्छा व्यक्त करायला आपण क्रियापदाला ‘-वं, -वी, -वेत’ लावतो, आणि स्पॅनिश माणूस त्याच कामाला सुब्खुंतीवो काढतो. गोव्यात आभार मानताना आपण ‘देव बरें करूं’ म्हणतो. देवाने बरं करावं ही इच्छाच आहे ती. स्पॅनिशमध्ये ‘के द्योस से लो पागे’ हाही आभाराचाच उद्गार, अर्थ ‘देव तुम्हाला याचं फळ देवो’, आणि क्रियापद पुन्हा सुब्खुंतीवोत. म्हणून ‘तुम्ही यावं असं मला वाटतं’ हे ‘क्येरो के बेंगा’ झालं तर त्यात नवल वाटायचं कारण नाही. तुम्हाला एवढंच करायचंय: वाक्य मराठीत मनात आणून पाहा, ‘-वं’ किंवा ‘नये’ येतंय का? येत असेल तर बहुतेक सुब्खुंतीवो. हा नियम सगळीकडे लागू पडत नाही, वर ‘पोचलात की’मध्ये पाहिलंच. पण शिष्टाचाराच्या वाक्यांसाठी पुरेसा आहे, आणि ए-२ ला सुब्खुंतीवोच्या तक्त्याची गरजही नाही. ही वाक्यं अख्खीच्या अख्खी बोलत राहा. तक्ता नंतर कधी बघाल तेव्हा त्यातली निम्मी रूपं ओळखीची निघतील.

आता व्याकरण किती आणि बोलणं किती. रोज तास मिळत असेल तर माझ्या विद्यार्थ्यांना मी व्याकरणाला पंधरा-वीस मिनिटांवर बसू देत नाही, आणि तीही एकाच काळाची, आठवडाभर. त्यातही तक्ता वरून खाली म्हणायचा नाही. आब्लो, आब्लास, आब्ला अशी चाल एकदा जिभेवर बसली की ‘आम्ही’चं रूप हवं असताना प्रत्येक वेळी ‘मी’पासून मोजत यावं लागतं, आणि पाहुण्यासमोर तुमचं नेमकं हेच होतं. त्यापेक्षा कुणाला तरी मराठीत तुटक विचारायला सांगा: ‘आम्ही आलो’, ‘त्यांनी सांगितलं’, ‘तू ठेवलंस’, आणि लगेच उत्तर द्या: बिनीमोस, दिखेरोन, पुसिस्ते. घरातलं कुणीही हे करू शकतं, त्यांना स्पॅनिश यायची गरज नाही, फक्त रूपांची चिठ्ठी त्यांच्या हातात द्यायची.

उरलेला वेळ गोष्ट सांगण्याला. इथे मी ‘बोलणं’ म्हणत नाही, मुद्दाम ‘गोष्ट सांगणं’ म्हणते. नुसत्या गप्पांमध्ये माणूस वर्तमानकाळावर आणि ‘हो, नाही, छान’वर निभावून नेतो, महिनोन्‌महिने. काळांची निवड करायला भाग पाडते ती घडलेली हकिकत. कालची शिफ्ट सांगा. लॉबीत कोण बसलं होतं, पाऊस पडत होता का, किती वाजले होते, हे सगळं इंपेर्फेक्तो. मग फोन आला, गाडी आली, बॅग हरवली, सापडली, हे इंदेफिनीदो. भाषा शिकवणाऱ्यांमध्ये ४-३-२ म्हणून एक जुनी पद्धत आहे: तीच हकिकत आधी ४ मिनिटांत, मग दुसऱ्याला ३ मिनिटांत, मग तिसऱ्याला २ मिनिटांत सांगायची. ऐकायला तीन माणसं नसतील तर फोनवर रेकॉर्ड करा. पहिल्या वेळी तुम्ही शब्द शोधता, दुसऱ्या वेळी क्रियापदं जागेवर यायला लागतात, तिसऱ्या वेळी वाक्यं जोडून येतात. विषय तोच असल्यामुळे डोक्याला काय सांगायचं याचा भार राहत नाही आणि सगळं लक्ष रूपांकडे जातं.

मग रेकॉर्डिंग ऐका आणि फक्त क्रियापदं कागदावर उतरवा. आठवड्याचा जो काळ असेल तेवढ्याच चुका सुधारा, बाकीच्या सोडून द्या. हे लोकांना फार जड जातं, दिसलेली चूक तशीच ठेवायची म्हणजे पाप केल्यासारखं वाटतं. पण एका वेळी सगळं सुधारणारा विद्यार्थी पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलंय. पुस्तक उघडायचं ते या कागदानंतर. आधी अडायचं, मग त्याच अडलेल्या जागेचं पान वाचायचं. तेव्हा वाचलेला नियम राहतो, कारण त्याला तुमच्या स्वतःच्या वाक्याचा आधार असतो.

काळ कुठल्या क्रमाने घ्यायचे? वर्तमानकाळ तुम्हाला येतो असं धरते. भविष्यासाठी ‘बोय आ’ लावून काम चालवा (बोय आ कोमेर, म्हणजे ‘जेवणार आहे’), कोमेरेसारखी रूपं वाचताना ओळखता आली तरी सध्या पुरे. इंदेफिनीदो आणि इंपेर्फेक्तो मात्र जोडीनेच घ्या. पुस्तकांत ते दोन वेगळ्या धड्यांत येतात, मध्ये बराच काळ जातो, आणि तोवर विद्यार्थ्याने सगळ्या भूतकाळाला एकच रूप लावायची सवय करून घेतलेली असते.

पेर्फेक्तोचं, म्हणजे ए कोमीदो, ए बिस्तो वगैरेंचं, काय करायचं हे मात्र तुम्ही कुठे जाणार त्यावर आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात आज घडलेल्या गोष्टीला हेच रूप लागतं: ओय ए कोमीदो. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत बहुतेक ठिकाणी त्याच जागी ओय कोमी सहज चालतं. क्रूझवर तुम्हाला लॅटिन अमेरिकेचे सहकारी भेटण्याची शक्यता जास्त, तेव्हा त्या हिशेबाने हे मागे ठेवता येईल. डेले द्यायची असेल तर मागे ठेवून चालणार नाही. ए-२ ला तिन्ही भूतकाळ अपेक्षित असतात, आणि ऐकण्याच्या, वाचण्याच्या भागात स्पेनची बोली येणारच. तुमच्या स्वतःच्या बोलण्यात लॅटिन अमेरिकेची धाटणी असली तर परीक्षेला हरकत नसते, फक्त ती शेवटपर्यंत एकसारखी ठेवा. या परीक्षेचं प्रमाणपत्र एकदा मिळालं की त्याची मुदत संपत नाही, त्यामुळे जहाजाच्या आधी घाईने द्यायलाच हवी असंही नाही.

हॉटेलातल्या सरावाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. चेक-इनच्या वेळी पाहुणा दमलेला असतो, त्याला चावी हवी असते. त्याच्यावर भूतकाळाचा सराव करू नये. तिथे वरची शिष्टाचाराची वाक्यं म्हणा, खणखणीत म्हणा, तेवढं पुरे. मोकळा पाहुणा सकाळी नाश्त्यानंतर भेटतो. तेव्हा तुम्ही प्रश्न विचारा: काल कुठे गेलात, काय आवडलं, समुद्र कसा होता? उत्तरात दोन्ही भूतकाळ आयते ऐकायला मिळतात आणि बोलण्याचं ओझं त्याच्यावर राहतं. त्याने वापरलेलं एखादं क्रियापद उचलून तुम्ही परत विचारलंत की संभाषण आपोआप पुढे सरकतं.

पावसाळ्यात पाहुणे कमी होतात, तेव्हा कान फुटबॉलवर लावा. गोव्यात हे सांगावं लागू नये. एफसी गोवाला सेर्जिओ लोबेरापासून मानोलो मार्केझपर्यंत किती स्पॅनिश प्रशिक्षक लाभले ते फातोर्ड्याला जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे. स्पेनच्या लीगमधल्या सामन्यांनंतर खेळाडू आणि प्रशिक्षक स्पॅनिशमध्ये जे दोन-तीन मिनिटं बोलतात ते ऐका. सामना तुम्ही पाहिलेला असतो, त्यामुळे काय घडलं ते ठाऊक असतं आणि कान फक्त रूपांवर ठेवता येतो. ‘पहिल्या अर्ध्यात आम्ही चांगलं खेळलो, पण त्यांच्याकडे जास्त जागा होती’ अशा धर्तीचं वाक्य हमखास मिळेल: खुगामोस ब्येन, पेरो एय्योस तेनीआन मास एस्पासिओ. खेळलो हे घडलं, जागा होती ही परिस्थिती. खुगामोस हे रूप वर्तमानातही तेच आहे, संदर्भावरून ओळखायचं. हरलेल्या संघाचा माणूस ‘तो गोल झाला असता तर’ म्हणतो तेव्हाची रूपं अवघड आहेत, ती सध्या कानावरून जाऊ द्या.

शेजारच्या बाईंचं पोर्तुगीज. त्यांच्याकडे जरूर जा. एकदा घडलेलं आणि पूर्वी नेहमी घडायचं ते, यातला फरक पोर्तुगीजमध्ये जवळपास स्पॅनिशसारखाच बसवलेला आहे, आणि त्यांच्या लहानपणच्या गोष्टी ऐकताना तो फरक तुमच्या कानात मुरेल. पण दोन बंधनं पाळा. त्यांच्याशी बोलताना पूर्ण पोर्तुगीज बोला, स्पॅनिशची भेसळ नको, कारण तूबे आणि तीव, एस्तूबे आणि श्तीव इतके जवळचे आहेत की एकदा गुंतले की सोडवताना त्रास होतो. दुसरं, पेर्फेक्तो त्यांच्याकडून उचलू नका. पोर्तुगीजमधलं त्यासारखं दिसणारं रूप ‘हल्ली वारंवार होत आलंय’ असा अर्थ देतं, एकदाच झालेल्या गोष्टीला ते चालत नाही. परीक्षा दोन महिन्यांवर आली की ही भेट फक्त कोकणीतून करा, आणि परीक्षा झाली की पुन्हा पोर्तुगीजला लागा.

या आठवड्यासाठी ईसे, फुई, तूबे, एस्तूबे, बीने, दीखे एवढी सहाच घ्या, सगळ्या पुरुषांत, उलटसुलट विचारून घेऊन. रविवारी कालच्या शिफ्टची हकिकत ४-३-२ ने रेकॉर्ड करा आणि क्रियापदांचा कागद जपून ठेवा. त्यातल्या कुठल्या जागी काळ निवडता आला नाही ते मला कळवा, तिथून पुढचं सांगेन.